घर तेच, मतदारसंघ वेगळा: मिशिगनचा नवा नकाशा कसा वाचायचा

प्रश्न असा होता: "आम्ही डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये बारा वर्षं एकाच घरात राहतोय. २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहासाठी आमच्या मतपत्रिकेवर हेली स्टीव्हन्स यांचं नाव होतं, २०२२ मध्ये एकदम डेबी डिंगेल यांचं. नवा नकाशा पुढाऱ्यांनी नाही, सामान्य नागरिकांच्या आयोगाने आखला आणि तो न्याय्य आहे असं सगळे सांगतात. पण त्याच नकाशावर २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६ आणि २०२४ मध्ये नेमकं उलटं. मग यातला न्याय्य निकाल कुठला? आणि आमच्याकडे डिंगेल मोठ्या फरकाने जिंकतात, तर माझ्या मताने काय फरक पडतो?"

यात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. नकाशा न्याय्य आहे की नाही, हा राज्यभराचा प्रश्न. माझ्या मताला वजन आहे की नाही, हा तुमच्या घराचा. पहिल्याचं उत्तर "बऱ्याच अंशी हो" असं असलं, तरी दुसऱ्याचं उत्तर "नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत फारसं नाही" असं येऊ शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असण्यात काही विसंगती नाही. मी वीसेक वर्षं नियोजनाच्या कामात जनगणनेचे आकडे आणि नकाशे हाताळते आहे, निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावरही बसते. त्या अनुभवातून सांगते.

आधी तुमच्या प्रतिनिधी का बदलल्या ते. २०२०च्या जनगणनेत मिशिगनची लोकसंख्या १,००,७७,३३१ भरली. दहा वर्षांत ती साधारण दोन टक्क्यांनी वाढली, पण देशाची वाढली सात टक्क्यांहून जास्त. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधीगृहाच्या जागा ४३५ वर ठरलेल्या असल्याने जे राज्य हळू वाढतं त्याची जागा जोरात वाढणाऱ्या राज्याकडे जाते. १९६०च्या जनगणनेनंतर मिशिगनला १९ जागा होत्या. त्या कमी होत होत १४ वर आल्या आणि २०२२ पासून १३ झाल्या. प्रत्येक मतदारसंघात माणसं सारखी हवीत, म्हणजे साधारण पावणेआठ लाख. एक मतदारसंघ नाहीसा झाला की त्याची माणसं शेजारच्यांत वाटावी लागतात, शेजारच्यांची त्यांच्या शेजारच्यांत, आणि हा ढकलाढकलीचा ओघ राज्याच्या टोकापर्यंत पोचतो. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्याला हे नवीन वाटतं, कारण तिथल्या लोकसभेच्या ४८ जागा १९७१च्या जनगणनेच्या हिशोबावर गोठवलेल्या आहेत आणि मतदारसंघांच्या हद्दी अलीकडे बदलल्या त्या एकदाच, २००९च्या निवडणुकीआधी. इथे दर दहा वर्षांनी हे होतंच.

आता नकाशाकडे. २०२२चा नकाशा समजून घ्यायचा तर २०११चा समोर ठेवावा लागतो. तेव्हा इथे विधिमंडळ आणि गव्हर्नर दोन्ही रिपब्लिकन पक्षाकडे होते आणि नकाशा आखायचा अधिकार विधिमंडळाचा होता. २०१२ मध्ये ओबामांनी मिशिगन साडेनऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. राज्यभरात काँग्रेससाठी पडलेल्या मतांची बेरीज केली तरी निम्म्याहून थोडी जास्त मतं डेमोक्रॅट उमेदवारांना होती. जागा मात्र रिपब्लिकन ९, डेमोक्रॅट ५. २०१४ मध्ये वारं उलट फिरलं, तरी ९-५. २०१६ मध्ये पुन्हा ९-५. माझ्या दृष्टीने त्या नकाशाचा खरा दोष हा होता: मतदार हलले, जागा हलल्या नाहीत.

हे कसं साधतात ते समजायला डेट्रॉइटचे जुने दोन मतदारसंघ, १३वा आणि १४वा, पुरेसे आहेत. २०१२ मध्ये दोन्हीकडे डेमोक्रॅट उमेदवार ८० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले. जिंकायला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. वरची तीस टक्के मतं शेजारी पडली असती तर तिथे एखादी जागा फिरली असती, पण ती आतच कोंडलेली राहिली. १४वा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्व टोकापासून निघून वळसे घेत फार्मिंग्टन हिल्सवरून थेट पॉन्टिअ‍ॅकपर्यंत जायचा. तुमचा जुना ११वा त्याच्या बाजूने असाच वाकडा होता: एका टोकाला ट्रॉय, दुसऱ्या टोकाला कँटन, मध्ये नोव्हाय. विरोधकांची मतं थोड्या मतदारसंघांत कोंबायची आणि उरलेली इतकी पातळ पसरायची की कुठेच पुरी पडू नयेत, एवढंच त्यामागचं तंत्र. पुढे खटल्यात त्या काळचे ईमेल बाहेर आले. रिपब्लिकन बाजूच्या एकाने डेट्रॉइट परिसरातल्या डेमोक्रॅट मतांना चक्क "कचरा" म्हटलं होतं आणि तो सगळा चार मतदारसंघांत कसा कोंबता येईल याचा आनंद व्यक्त केला होता. शेजारपाजारच्या माणसांबद्दल हा शब्द वाचून मला झालेला संताप अजून गेलेला नाही.

त्या नकाशातही एक गोष्ट लक्षात घ्या. २०१८ मध्ये डेमोक्रॅट लाट इतकी मोठी आली की एलिसा स्लॉटकिन आणि तुमच्या हेली स्टीव्हन्स यांनी दोन जागा फिरवल्या आणि ७-७ झालं. म्हणजे बांध कितीही पक्का असला तरी पुरेसं पाणी आलं की ते वरून जातं. फक्त पाणी किती लागावं हे बांध घालणाऱ्याने ठरवलेलं असतं.

याच २०१८ मध्ये नकाशा आखायचं काम नागरिकांच्या आयोगाकडे देणारी मिशिगनच्या घटनेची दुरुस्ती मंजूर झाली. केटी फेहे या तरुणीने नोव्हेंबर २०१६ मध्ये फेसबुकवर लिहिलं होतं की मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या हद्दींविरुद्ध, काही करायचं आहे, कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीच्या स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांवर सह्या गोळा केल्या आणि प्रस्ताव ६१ टक्के मतांनी पास झाला. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी जुना नकाशा घटनाबाह्य ठरवला. पण दोन महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या राज्यांच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा न्याय केंद्रीय न्यायालयं करणार नाहीत, आणि मिशिगनचा निकालही गेला. ती घटनादुरुस्ती नसती तर आज आपण काय बोलत असतो, हा विचार मला बरेचदा येतो.

आयोग १३ जणांचा: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड. गेल्या सहा वर्षांत पक्षाचं पद किंवा निवडून आलेलं पद भूषवलेल्यांना बंदी. नकाशा पास व्हायला नुसतं बहुमत पुरत नाही, तिन्ही गटांतून निदान दोघांचा होकार लागतो. निकषांचा क्रमही घटनेतच लिहिलेला आहे: आधी समान लोकसंख्या आणि केंद्रीय कायदे, मग भूभाग सलग असणं, मग समान हितसंबंध असलेल्या वस्त्या एकत्र ठेवणं, मग कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा न होणं, मग विद्यमान प्रतिनिधींना झुकतं माप किंवा अडसर न देणं. काउंटी आणि शहरांच्या हद्दी त्यानंतर, आकाराचा आटोपशीरपणा सगळ्यात शेवटी. २८ डिसेंबर २०२१ ला काँग्रेसचा नकाशा ८ मतांनी मंजूर झाला. त्याला नाव दिलं होतं चेस्टनट.

हा क्रम मनात ठेवला की पुष्कळ तक्रारींचं मूळ कळतं. "आमची काउंटी का तोडली?" कारण काउंटीची हद्द सहाव्या क्रमांकावर आहे. "आमच्या प्रतिनिधीचा विचार का नाही केला?" कारण तसा विचार करायला मनाई आहे. आणि "सगळ्या लढती चुरशीच्या का नाहीत?" तर चुरस हा निकष यादीत नाहीच.

समान हितसंबंधांबद्दल मी स्वतः आयोगाला लेखी निवेदन दिलं होतं. नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स, ट्रॉय इथली भारतीय कुटुंबं एकाच प्रकारच्या नोकऱ्या, शाळांबद्दलच्या एकाच अपेक्षा आणि व्हिसा, ग्रीन कार्डच्या एकाच रांगा घेऊन जगतात, असं त्यात होतं. अखेर नोव्हाय आणि कँटन अ‍ॅन आर्बरसोबत ६व्या मतदारसंघात गेले, फार्मिंग्टन हिल्स आणि ट्रॉय ११व्यात. मला तेव्हा वाईट वाटलं. आज मत थोडं बदललंय. एका मतदारसंघात गठ्ठ्याने असावं की दोन मतदारसंघांत लक्षात येण्याइतकं असावं, याला एक उत्तर नाही. दोन्हीकडे आपण संघटित असलो तर दोन कार्यालयं आपलं ऐकतात. नसलो तर एकही ऐकत नाही.

आता तुमचा मुख्य आक्षेप: २०२२ मध्ये ७-६, २०२४ मध्ये ६-७. मी नकाशा तपासते तेव्हा एका निवडणुकीत कोण जिंकलं हे आधी पाहतच नाही. राज्यभर एकाच मतपत्रिकेवर असलेल्या लढती, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेट यांचे मतदान केंद्रांनुसार निकाल घेते आणि ते नव्या रेषांवर ठेवते. राज्यात वारं दोन टक्के इकडे फिरलं तर किती जागा फिरतात, तिकडे फिरलं तर किती, हे बघते. स्थानिक प्रतिनिधींच्या स्वतःच्या मतांवर यासाठी विसंबता येत नाही. त्यात त्या माणसाची ओळख, पैसा, समोरचा उमेदवार, सगळं मिसळलेलं असतं.

असं पाहिलं तर दोन्ही निकाल नीट लागतात. २०२२ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या व्हिटमर गव्हर्नरपदी दहा टक्क्यांहून जास्त फरकाने निवडून आल्या, काँग्रेससाठी राज्यभरातली जवळपास निम्मी मतं डेमोक्रॅट उमेदवारांना आणि थोडी कमी रिपब्लिकनांना पडली. जागा ७-६. २०२४ मध्ये ट्रम्प इथे सुमारे ८० हजार मतांनी जिंकले, आणि जागा ६-७. वारं फिरलं तशी एक जागा फिरली. जुन्या नकाशात तेवढ्याने काही हललं नसतं. आणि "नेमकं उलटं" म्हणताना १३ पैकी १२ मतदारसंघांत दोन्ही वेळा तोच पक्ष जिंकला हे सुटून जातं. बदलला तो फक्त लॅन्सिंगचा ७वा. तिथे २०२२ मध्ये स्लॉटकिन यांनी रिपब्लिकन टॉम बॅरेट यांना हरवलं. २०२४ मध्ये त्या सिनेटला उभ्या राहिल्या, जागा मोकळी झाली आणि तेच बॅरेट कर्टिस हर्टेल यांना हरवून आले. फ्लिंट-सॅगिनॉच्या ८व्यातूनही डॅन किल्डी निवृत्त झाले, पण तिथे क्रिस्टन मॅकडॉनल्ड रिव्हेट यांनी डेमोक्रॅट पक्षाची जागा राखली. त्याच वर्षी, त्याच नकाशावर, दोन मोकळ्या जागांचे दोन वेगळे निकाल. उमेदवाराला आणि प्रचाराला अर्थ उरलाय, याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

१०वा तर अगदी धारेवर होता. मॅकोम काउंटीचा बराचसा भाग आणि रॉचेस्टर हिल्स धरून असलेल्या या मतदारसंघात २०२२ मध्ये रिपब्लिकन जॉन जेम्स यांनी डेमोक्रॅट कार्ल मार्लिंगा यांना सुमारे १,६०० मतांनी हरवलं. तीन लाखांवर मतं पडली होती. इतका कमी फरक असलेल्या जागेवरून कुणी नकाशा न्याय्य किंवा अन्याय्य ठरवायला लागलं की मी थांबवते. तिथे मतदानाच्या दिवशीचा पाऊसही निकाल फिरवू शकला असता.

ग्रँड रॅपिड्सचा ३रा मतदारसंघ मात्र रेषेने काय होतं ते स्वच्छ दाखवतो. जुन्या नकाशात शहराला पुष्कळ ग्रामीण भाग जोडलेला होता आणि २०२० मध्ये रिपब्लिकन पीटर माइयर यांनी डेमोक्रॅट हिलरी स्कॉल्टन यांना तिथे हरवलं. नव्या नकाशात शहर मिशिगन सरोवराकाठच्या मस्कीगनशी जोडलं गेलं. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलेले माइयर स्वतःच्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, जॉन गिब्स यांच्याकडून हरले आणि नोव्हेंबरमध्ये स्कॉल्टन जिंकल्या. यात रेषेचा वाटा किती आणि गिब्स यांच्या उमेदवारीचा किती? मी दोन्हीला वाटा देते, रेषेला थोडा जास्त.

इथवरचं दोन वाक्यांत: नव्या नकाशात मतं हलली की जागा हलतात आणि दोन्ही पक्षांकडे हलतात. पण हलण्याजोग्या जागा तीन-चारच आहेत, बाकीच्या नऊ-दहांत नोव्हेंबरचा निकाल आधीच कळतो.

याची किंमत डेट्रॉइटने मोजली, आणि हे सांगितल्याशिवाय नकाशाची स्तुती करणं मला पटत नाही. आयोगाने कोंबलेली मतं मोकळी करायला शहराचे तुकडे उपनगरांशी जोडले. त्यामुळे कृष्णवर्णीय मतदारांचं स्पष्ट बहुमत असलेला काँग्रेसचा एकही मतदारसंघ राज्यात उरला नाही. १३व्यात २०२२च्या प्रायमरीला नऊ उमेदवार उभे राहिले, मतं फुटली आणि श्री ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर पहिले आले. नोव्हेंबरमध्ये तिथे डेमोक्रॅटच येणार हे ठरलेलं होतं. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसला याचा मला आनंद झाला, आणि नकाशावरच्या रेषेने माणसांचं काय होतं हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. पण १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून डेट्रॉइटचा निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे असायचा आणि २०२३ मध्ये ती साखळी तुटली, हेही तितकंच खरं. माझ्या डेट्रॉइटच्या सहकाऱ्यांना झालेलं दुःख मी जवळून पाहिलंय. आयोगाचे राज्याच्या विधिमंडळासाठीचे नकाशे तर न्यायालयातही टिकले नाहीत: डिसेंबर २०२३ मध्ये डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून रद्द झाले आणि पुन्हा आखावे लागले. काँग्रेसचा नकाशा त्या निकालात नव्हता.

आता तुमचं घर. ६व्यात डिंगेल दोन्ही वेळा साठ टक्क्यांहून जास्त मतांनी आल्या. नोव्हेंबरमध्ये तुमच्या मताने तिथला निकाल फिरण्याची शक्यता फार कमी, हे मी गोड करून सांगणार नाही. अशा मतदारसंघात खरी निवड ऑगस्टच्या प्रायमरीत होते. तुमच्या जुन्या ११व्याच्या नव्या रूपातच पाहा. २०२२ मध्ये स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन हे दोन विद्यमान डेमोक्रॅट प्रतिनिधी समोरासमोर आले आणि साधारण साठ-चाळीस अशा फरकाने स्टीव्हन्स जिंकल्या. नोव्हेंबर ही तिथे औपचारिकताच उरली. तरीही आपल्यातली बहुतेक मंडळी ऑगस्टमध्ये भारतात किंवा सुट्टीवर असतात आणि मतपत्रिका टपालाने मागवायची राहून जाते. अर्ज आधी केला की ती घरी येते. सुट्टीचं तिकीट काढाल त्याच दिवशी हे करा.

आणखी एक, मतदान केंद्रावर बसून पाहिलेलं. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते, प्रायमरीत कुठल्याही पक्षाच्या रकान्यात मत देता येतं. पण एकाच. एक पद या रकान्यात आणि दुसरं त्या रकान्यात असं केलंत तर पक्षीय भागातलं तुमचं एकही मत मोजलं जात नाही. मी नवीन नागरिकांना हे दर वेळी सांगते आणि तरी दर वेळी कुणीतरी मतपत्रिका बदलून मागायला परत येतं. यंत्राने चूक दाखवली तर नवी मतपत्रिका मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, संकोच करू नका.

शेवटी नकाशाचा रोजच्या आयुष्यात सगळ्यात आधी जाणवणारा परिणाम, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. पासपोर्ट अडकला, आईवडिलांच्या ग्रीन कार्डची फाइल महिनोन्महिने हलली नाही, तर मदत तुमच्या सध्याच्या प्रतिनिधींच्या कार्यालयाकडून मिळते. २०२३ मध्ये मंडळाच्या गणपतीत मला तीन कुटुंबं भेटली जी अजून स्टीव्हन्स यांच्या कार्यालयाला फोन करत होती आणि तिथून त्यांना नम्रपणे दुसरीकडे जायला सांगितलं जात होतं. शोधताना नुसता झिप कोड टाकू नका, रेषा एकाच झिप कोडमधूनही जाते. घराचा पूर्ण पत्ता टाका.